जगदेवरावांची विलायती मोटार

आसेगावच्या दौलतरावांनी मोटार विकायला काढल्याची बातमी शेलूबाजारात हेमसिंगच्या कानावर आली आणि हातातला पाना ठेवून तो तसाच निघाला. हेमसिंग कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. लढाईच्या काळात पलटणीच्या मोटारखात्यात त्यानं पाच वर्षं काढली होती, पण स्वतःची म्हणावी अशी सायकलही त्याच्याकडे नव्हती.

मोटार गोठ्याच्या कडेला उभी होती. विलायती, दोन दारांची, वरचा टप कापडी, मागे दुमडायचा. टपाच्या चिंध्या झाल्या होत्या, चाकं मातीत रुतली होती आणि मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून दौलतरावांच्या थोरल्या भावानं, जगदेवरावांनी, ती हौसेनं घेतली होती. जगदेवरावांना जाऊन चार वर्षं झाली होती.

शेलूबाजारचे व्यापारी मारोतराव आधीच येऊन बसले होते. चाकं टायरच्या बैलगाडीला लावायची आणि बाकी सगळं भंगारात घालायचं, असा त्यांचा बेत होता.

जगदेवरावांच्या पत्नी कस्तुराबाई ओसरीच्या खांबाआड उभ्या होत्या. त्यांनी हेमसिंगला विचारलं, "तू काय करशीन बापू, या मोटारीचं?"

"चालवीन, बाई."

"चालंल?"

"साल लागंल. पण चालंल."

"भाऊजी, याले द्या."

"वहिनी, मारोतराव जास्त देऊन राह्यले," दौलतराव म्हणाले.

"मालूम हाय मले," कस्तुराबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

दोन बैलजोड्या जुंपून हेमसिंगनं मोटार आपल्या बंजारा तांड्यावर ओढत आणली. त्याची बायको गोमतीबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "लोक बैलाचा तरास वाचवाले मोटार घेते," ती म्हणाली, "अन् तुमाले मोटारीसाठी चार बैल लागले!"

दिवाळीनंतर त्यानं इंजिन खोललं आणि कपाळावर हात मारून घेतला. पिस्टन जाम झाले होते आणि ओतीव लोखंडाला बोटभर लांब तडा गेला होता. पाण्याचा थेंब नसताना कुणीतरी ही मोटार मैलच्या मैल पळवली होती. हे इंजिन आता कुणाच्या बापाच्यानं सुधारणार नव्हतं. आपल्याला फसवलं, या विचारानं तो रात्रभर तळमळला आणि सकाळी तावातावानं आसेगावला पोचला.

"पाटील, इंजिन फुटलेलं होतं. सांगतलं काहून नाई?"

दौलतराव गांगरले. त्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात कस्तुराबाई बाहेर आल्या.

"त्याइले नको इचारू. मले इचार." त्या पायरीवर बसल्या. "वैशाख होता. मी दोन दिवस अडली होती. सुईणीनं हात टेकले. मंग मालकानं मले मांगच्या सीटवर निजवलं अन् अकोल्याले निघाले. अर्ध्या वाटंत वाफ निघाली. म्या म्हतलं, थांबवा, मोटार जळून राह्यली. ते म्हणे, जळू दे. दवाखान्याच्या फाटकात गेली अन् तिथंच बंद पडली." त्यांनी पदर सारखा केला. "लेकरू गेलं. मी वाचली. हे सांगतलं असतं त तू नेलीच नसती, अन् तिचे तुकडे झाले असते. चुकलं माह्यं. पैसे वापस घेऊन जाय."

हेमसिंग पागोट्याचं टोक बोटाला गुंडाळत बसला. त्याचा राग कुठच्या कुठे गेला होता.

"पैसे नाई पाह्यजे," तो म्हणाला. "पण ते इंजिन संपलं, बाई. दुसरं बसवावं लागंल. चालंल तुमाले?"

"मोटार तुही हाय. मले काहून इचारतं?"

"इचारलं, बस."

कस्तुराबाईंनी मान हलवली. "बसव."

अकोल्याला लष्कराच्या मोडीतल्या जीपचं एक इंजिन मिळालं. ते काही केल्या बसेना. हेमसिंगनं इंजिनाखालचे पट्टे तीनदा कापले, तीनदा जोडले. शेवटी बॉनेट लागत नाही म्हणून लोहाराकडून ते चार बोटं उचलून घेतलं. ताडपत्रीचा टप गोमतीबाईनं शिवला, दुहेरी टाक्यानं, आणि नवरा नको नको म्हणत असताना कडेनं कवड्यांची ओळ लावलीच.

पुढच्या पौषात मोटार हेमसिंग आणि गोमतीबाईला घेऊन स्वतःच्या बळावर आसेगावात शिरली. कस्तुराबाईंनी तिला एक चक्कर घातली, कवड्यांवरून हात फिरवला.

"आवाज निराळा हाय."

"व्हय, बाई."

त्या दार उघडून मागच्या सीटवर गोमतीबाईजवळ बसल्या. "टप मांगं घे," म्हणाल्या.

"वहिनी, सारं गाव पाहून राह्यलं!" दौलतराव कळवळून म्हणाले.

"पाहू द्या."

मोटार शेलूबाजारापर्यंत गेली. परतताना कस्तुराबाई गोमतीबाईच्या कानाशी वाकून काही सांगू लागल्या. मुलगी होती, एवढं हेमसिंगला ऐकू आलं. तिचं नाव मनात ठरवून ठेवलं होतं, हेही. ते नाव इंजिनाच्या आवाजात त्याला कळलं नाही. त्यानं विचारलंही नाही. गोमतीबाईनं कस्तुराबाईंचा हात हातात घेतला, तेव्हा त्यानं मोटार जरा हळू घेतली.