धोंड्यापल्याडचा फोटो

"नवाबभाऊ, तुम्ही माशीचा फोटो काढता का?"

विचारलं मी, पण डोकं माझ्या मैत्रिणीचं, चंदाचं. भागी, म्हणजे मी, हे विचारूच शकणार नाही अशी तिनं पैज लावली होती, आणि आता ती अन् सुरय्या स्टुडिओच्या दाराबाहेर एकमेकींना चिमटे काढत हसू दाबत होत्या. नवाबभाऊ म्हणजे आरमोरीतले एकुलते एक फोटोवाले. नवी जोडपी, मॅट्रिकच्या फॉर्मवरचे चेहरे आणि मयत, एवढंच आजवर त्यांच्या कॅमेऱ्यापुढे आलेलं. त्यांनी हातातली काच पुसून खाली ठेवली, थोडा विचार केला आणि म्हणाले, "काढतो न बेटी. पण ते बसन का निवांत?"

बाहेर चंदा फिस्सकन हसली. नवाबभाऊ मात्र हसले नाहीत. आतून त्यांनी घडीचा जुना कॅमेरा आणला. आपल्या अम्मीच्या मोडक्या चष्म्याची जाड काच त्याच्या तोंडावर मेणानं बसवली आणि बांबूची वीतभर काडी कापून माझ्या हातात दिली. "काडीचं एक टोक काचेले, दुसरं माशीच्या नाकाले. मंग काडी बाजूले कर, श्वास रोख, अन् दाब."

दोन रोल वाया गेले. तिसऱ्यात एक नाकतोडा आला. त्याचं नुसतं तोंड! इतकं मोठं, इतकं गंभीर, की सुरय्या म्हणाली, "हा तं आमच्या मामूसारखा दिसते." नवाबभाऊंनी तो दर्शनी कपाटात दोन नवरदेवांच्या मधोमध लावला. मग काय विचारता! नववीतली काडीपहिलवान भागी एकदम 'किड्यांची फोटोग्राफर' झाली. पोरं काड्यापेटीतून भुंगे आणून द्यायला लागली. प्रार्थनेनंतर मी सगळ्या शाळेसमोर मधमाशीवर बोलले आणि आवाज जरासुद्धा कापला नाही. बाबा त्याच शाळेत गुरुजी. ते मास्तरांच्या खोलीत म्हणाले म्हणे, "आमची भागीरथा वैज्ञानिक दृष्टीची आहे." मी जमिनीवर नव्हतेच त्या दिवसांत. हे सगळं मी लांबवत चालले आहे, कारण पुढचं सांगायची लाज वाटते.

आमच्याकडे पाणी भरायला, भांडी घासायला गुणाबाई येते. खरं सांगायचं तर माझे निम्मे किडे तिनं दाखवलेले. भांडी घासता घासता राखेच्या हातानं खुणावायची, "ते पाह्य, पेरवाच्या पानाखाली. कसा पदर घेऊन बसला हाय!" तिला मूलबाळ नाही. नवरा लटारूभाऊ धिवर, पोळ्यानंतर कोशाच्या रानात राहायला जातो. तिथं येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर धिवर लोक कोशाच्या, म्हणजे रानरेशमाच्या, अळ्या वाढवतात. पीक निघेपर्यंत केस कापायचे नाहीत, एकदाच जेवायचं, घरी यायचं नाही. आणि बाईनं रानात पाय टाकायचा नाही. गुणाबाई तांदूळ-मीठ घेऊन जायची ती वाटेवरच्या पांढऱ्या धोंड्यापर्यंत. तिथं ठेवायची आणि परत फिरायची. नवऱ्याचं तोंड दोन दोन महिने दिसायचं नाही.

"काऊन पण?" मी विचारलं होतं.

"बाईची सावली पडली का किडा मरते."

"असं कुठं लिहिलंय?"

"लिहाले कोण बसलं, बाई? मरते म्हणजे मरते."

मला हसू आलं होतं. सावलीनं किडा मरतो! आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात तर नव्हतं. आणि त्या अळीचा फोटो मला हवाच होता. बोटाएवढी हिरवीगार अळी, तिच्या कुशीवर चांदीसारखे चमकणारे टिपके, असं गुणाबाईच सांगायची. नवाबभाऊ म्हणाले, "आधी लटारूले विचार." मी हो म्हटलं आणि विचारलं नाही.

दसऱ्याच्या सुट्टीत, भर दुपारी गेले. त्या वेळी राखणदार ओढ्यावर स्वयंपाकाला जातात, हेही मला गुणाबाईकडूनच कळलेलं. धोंडा ओलांडताना मी मुद्दाम थांबले आणि माझी सावली चांगली पलीकडे पडू दिली. आजूबाजूला कोणी नव्हतं, तरी कोणाला तरी दाखवल्यासारखं.

अळ्या तिनं सांगितल्यापेक्षा सुंदर होत्या. पान खाताना कुरकुर आवाज यायचा. पण वारा होता. फांदी हलली की अळी काडीच्या टोकापासून निसटायची. मग मी वेणीची रिबिन सोडली, पिशवीची सुतळी काढली, फांदी खाली ओढली आणि बुंध्यापासून हातभर दूर, जमिनीतल्या खुंटाला दोन्हींनी करकचून बांधली. बुंध्यावर बिब्याच्या तेलाचा काळा पट्टा होता. असेल काहीतरी पूजेचा, असं वाटलं. सहा फोटो काढले. तेवढ्यात ओढ्याकडून माणसांचा आवाज आला. मी रिबिन उपटली आणि पळाले. सुतळी फांदीपासून खुंटापर्यंत तशीच बांधलेली राहिली.

चार दिवसांनी गुणाबाई भांडी घासायला आली ती नुसतीच बसून राहिली. राख हातात तशीच.

"चार झाडं साफ झाले, भागी. लाल मुंग्यायनं एकबी किडा नाई ठेवला."

आई म्हणाली, "आता गं?"

"सासरा म्हणते, तूच धोंड्याच्या पल्याड गेली. नवऱ्याले भेटाले तरसली होती म्हणते. बुधवारी पंच बसनार. तोवर घरात पाय ठेवू नोको म्हणते, मी भावाकडे हाय." मग माझ्याकडे पाहून ती हळूच बोलली, "मीनं पाय नाई टाकला, बाई. पण सगळे एवढे म्हणून राह्यले, का आता मलेच वाटते, टाकला असन का? लक्ष नसन माह्यं?"

मी पाणी प्यायला आत गेले. सावलीनं मुंग्या येत नाहीत, मी स्वतःला सांगत होते. हे तर विज्ञान आहे. मी काही केलेलं नाही.

संध्याकाळी नवाबभाऊंनी फोटो धुतले होते. ओले कागद तारेला लटकलेले. शेवटचा फोटो त्यांनी तारेवरून काढून उजेडाकडे धरला. मग भिंग माझ्या हातात देऊन म्हणाले, "अळी तं मस्त आली. कोपऱ्यात पाह्य."

कोपऱ्यात सुतळी होती. तिच्यावर मुंग्या होत्या. एकामागे एक, अकरा. सगळ्यांची तोंडं वर. सहाव्या पायाचा सांधासुद्धा दिसत होता, इतका फोटो साफ होता.

"तो काळा पट्टा मुंग्यायसाठीच असते, बेटी," नवाबभाऊ म्हणाले. "बिब्याच्या तेलातून मुंगी वर चढत नाई. तूनं तिले बाजूनं शिडी लावून देल्ली. मंग फांदीवरून फांदी, चारही झाडं."

इतक्या जवळून बघत होते मी, आणि मला फक्त चांदीचे टिपके दिसले होते.

"नवाबभाऊ, तुम्ही कोणाले सांगाल?"

"मी फोटो काढतो. माणसं काय सांगतात, ते त्यायचं." त्यांनी तो फोटो वाळवला आणि पाकिटात घालून दिला. नाकतोडा दर्शनी कपाटातून काढा, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "त्यानं काय केलं?"

मंगळवारी संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं. आईनं कपाळावर हात मारून घेतला. बाबांनी फोटो कंदिलाजवळ धरला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"तू गेली होती म्हटलं तं ते काय म्हणतीन, कळते तुले? पाहा, बाईच गेली होती. त्यायची समजूत पक्की होईन."

"सुतळीबद्दल सांगन न."

"धिवरायच्या पंचात गुरुजीची पोरगी उभी राहते का?" आई म्हणाली. "उद्या तुह्यं लग्न कराचं हाय आमाले."

"थांब," बाबा म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. "मी जातो. लटारूले एकट्यात गाठतो. नुकसानीचं काही पाहून घेऊ. तुह्यं नाव न घेता सांगता येईन."

ते माझ्यासाठीच म्हणत होते. आणि क्षणभर मला इतकं बरं वाटलं, की त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते अजून. भावाच्या घरी ओसरीवर बसलेली गुणाबाई डोळ्यांपुढे आली. आपण पाय टाकला होता का, हे आठवत बसलेली.

मी फोटो बाबांच्या हातातून घेतला. शाळेसमोर न कापलेला माझा आवाज आता कापत होता, तरी बोलले.

"नाई बाबा. नाव न घेता सांगितलं, तं गुणाबाईवरचं जाणार नाई. धोंड्याच्या पल्याड मी गेली होती. उद्या सकाळी पहिले तिच्या भावाकडे जाईन, तिले सांगन. मंग तिच्यासंगं पंचायसमोर उभी राहीन. तुम्हाले याचं असन तं या. नाई आले तरी मी जाईन."