विमलाबाईंच्या नावाची पाटी

सिंदी रेल्वे गावच्या बौद्ध वस्तीत त्या सकाळी घरात म्हणून कोणी नव्हतं. थायलंडहून बुद्धमूर्ती आली होती, सोबत तिकडचे काही पाहुणेही. विहाराचं आवार पांढऱ्या लुगड्यांनी भरून गेलं होतं आणि मूर्तीच्या बैठकीवरची पाटी निळ्या कापडानं झाकलेली होती. ते कापड ओढायचा मान विमलाबाईंचा.

मान कसला, हक्कच तो! तीस वर्षं अंगणवाडीत पोरांकडून अक्षरं गिरवून घेतलेली बाई. वस्तीतल्या बायकांची बुद्धवंदना पाठ झाली तीही यांच्याच धाकानं. जीभ मात्र भिवापुरी मिरची. त्या जिभेपायीच एकुलत्या एका पोराचा, अंकितचा, चार वर्षं फोन नव्हता. तो नोकरीसाठी बँकॉकला गेला आणि तिथल्याच पोरीशी लग्न करून बसला. बाईंनी सुनेचं तोंड पाहिलं नव्हतं, नावसुद्धा विचारलं नव्हतं. "मले काई फरक नाई पडत," असं जगाला सांगायच्या आणि फोन वाजला की तव्यावरची पोळी करपू द्यायच्या.

मूर्ती कोणी दिली हे विहार समितीच्या ओमप्रकाशलाही धड ठाऊक नव्हतं. तिकडच्या एका उपासिकेनं सासूच्या आठवणीत दान दिलंय, एवढंच त्याला कळवलं होतं.

"माइकवर वाचा बाई, सगळ्याइले आयकू येऊ द्या," तो म्हणाला.

बाईंनी कापड ओढलं, चष्मा नीट केला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "कालकथित..."

गेलेल्या माणसाच्या नावाआधी वस्ती हाच शब्द लावते. सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"कालकथित विमलाबाई प्रेमदास थूल, सिंदी रेल्वे, यांच्या स्मृतीस."

भोंग्यातून ते थेट स्टेशनापर्यंत ऐकू गेलं असेल. बाईंना वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. त्यांनी पुन्हा मनात वाचलं. नाव त्यांचंच, नवऱ्याचं नावही तेच. जोडलेले हात तसेच ठेवून अख्खी वस्ती त्यांच्याकडे पाहत होती.

"जित्या बाईले मारलं वं!" शेजारची यशोदाबाई ओरडली. "कोनं लिहिलं हे?"

"पाटी तिकडूनच आली," ओमप्रकाशची बोबडी वळली होती. "आमी उघडून बी नाई पाह्यली."

मग बाईंना अक्षर दिसलं. ते छापील नव्हतं. कोणीतरी कागदावर लिहून दिलेलं तिकडच्या कारागिरानं जसंच्या तसं कोरलं होतं. तो पोट फुगलेला 'ल' बाईंनी शंभरदा पुसून गिरवायला लावला होता, तरी एका पोराचा तो कधीच सुधारला नव्हता. म्हणजे अंकितनंच, स्वतःच्या हातानं. खाली तिथीही होती, चार वर्षांपूर्वीची आषाढ पौर्णिमा.

तिथी वाचली आणि बाईंनी माइक बाजूला ठेवला. त्याच दिवशी विहारात भिक्खूंचा पावसाळी मुक्काम, वर्षावास, सुरू झाला होता. त्याच दिवशी लग्न केल्याचं सांगायला अंकितचा फोन आला होता. आणि त्याच दिवशी त्या बोलून गेल्या होत्या, "तिले घेऊन माह्या दारात येऊ नको. तुह्यासाठी मी आजपासून मेली!"

थाई पाहुण्यांमधून एक सडपातळ पोरगी पुढं आली. तिनं हार घातलेला एक फोटो छातीशी धरला होता. फोटोत अंगणवाडीच्या दारात उभ्या विमलाबाई. पोरीनं फोटोकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं, आणि फोटो तिच्या हातून पडून काच फुटली.

"आई?" अंकितनं शिकवलेली वऱ्हाडी तिच्या तोंडात अडखळत होती. "तू... मेली नाई?"

"नाई," बाई म्हणाल्या.

पोरगी फुटक्या काचांपाशी खाली बसली. "थो फोन ठेवून रडला. म्हने, आई गेली. मले खरं वाटलं. मी रोज सकाळी भन्तेजीले भात देते. तुह्या नावानं पाणी सोडते, तुले पुण्य भेटावं म्हणून. एक दिवस नाई चुकला." तिनं डोळे पुसले. "पाटीवरचं मीच लिहाले लावलं. लई वेळ कागद घेऊन बसला थो. काल विमानतळावर म्हने, तू जा, माही हिंमत नाई."

बाईंना भर सभेत मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या पोरीला दार बंद केलं, ती चार वर्षं परक्या मुलखात रोज आपल्यासाठी भात रांधत होती.

"नाव काय वं तुहं?"

"सुदा."

ओमप्रकाश कुठूनशी छिन्नी घेऊन धावत आला. "आत्ताच खोडतो बाई, असं अभद्र ठेवाव नाई."

"हात नको लावू त्याले," बाई कडाडल्या. मग सुदाकडं वळल्या, "फोन लाव."

अंकितनं फोन उचलला. पडद्यावर आईचा चेहरा दिसताच त्याची मान खाली गेली. बाईंच्या जिभेवर चार वर्षांच्या शिव्या तयार होत्या, पण त्यातली एकही बाहेर पडेना.

"पाटी वाचली मी," त्या म्हणाल्या. "तुहा 'ल' अजून तसाच हाय."

पलीकडून फक्त हुंदके ऐकू येत होते.

"बोल माहा होता बापू, अक्षर तुहं हाय," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या कोनाले खोडू नाई देत मी. खोडाले तूच येजो."