विकास नगरच्या गच्चीवरची लिंक

मी लिंक बोलतोय. शब्द इंग्रजी आहे, पण मराठी माणसाला माझी ओळख करून द्यावी लागत नाही. "लिंक पाठव", "लिंक उघडत नाही", "बँकेची लिंक गेली आहे", असं दिवसभर चालतं. मराठीत मला 'ती लिंक' म्हणतात. म्हणोत. मी स्वतःला 'तो'च म्हणणार. म्हातारा आहे, आता सवय बदलत नाही.

शाळेशी माझा संबंध नाही. मी भट्टीतून आलो. इंग्रजीतही मी मूळचा नव्हे. उत्तरेच्या थंड मुलखातल्या दर्यावर्दी लोकांच्या बोलीतून इंग्लंडात आलो. तिथे माझा अर्थ एकच होता, साखळीतली कडी. त्याच्याही मागे गेलं तर माझं मूळ 'वाकणे' या अर्थाचं आहे, असं जाणकार सांगतात. मला ते पटतं. सळई सरळ असते तोवर तिला कोणी कडी म्हणत नाही. ती तापते, घणाखाली वाकते, तिची दोन टोकं एकमेकांना भेटतात, मग ती कडी होते.

पुढे लोकांनी मला हवं तसं वापरलं. मांस भरलेल्या आतड्यांच्या माळेलाही माझं नाव दिलं. मला आवडलं नाही, पण विचारतो कोण. माझ्याच नावाचा आणखी एक शब्द होता. अंधारात रस्ता दाखवणाऱ्या मशालीला ते लोक लिंक म्हणत. तो माझा भाऊ की परका, हे कोणालाच नक्की सांगता येत नाही.

हिंदुस्थानात मी जमीन मोजायला आलो. शंभर कड्यांची साखळी, त्यातली एक कडी म्हणजे मी. अवधच्या शेतांत त्या साखळीला जरीब म्हणत. ती ओढत मी चिखलातून फिरलो. मग रेल्वे आली. डबे जोडणाऱ्या लोखंडात मी होतोच, पण रेल्वेने मला आणखी एक काम दिलं. कोणत्या ड्रायव्हरने कोणती गाडी कुठवर न्यायची आणि कोणती घेऊन परतायचं, त्या पाळ्यांच्या साखळीला रेल्वेत लिंक म्हणतात. श्रीरंग दाबके मला भेटला तो तिथे.

श्रीरंग भुसावळचा. इंजिनावर लागला, बदली होऊन लखनौला आला आणि इथलाच झाला. पुढे मेल गाड्यांच्या लिंकवर चढला. त्याचा त्याला फार अभिमान. गाडी कधी त्याच्या चुकीने थांबली नाही. विकास नगरात त्याने घर बांधलं. त्या घरात तो पाहुण्यासारखा राहिला. दार वाजलं आणि कोणी विचारलं, "दाबके साहब हैं?" तर त्याची बायको वासंती आतूनच सांगायची, "लिंक पर गए हैं." मुलगी शर्मिष्ठा हेच ऐकत मोठी झाली. त्या घरात माझा अर्थ 'बाबा नाहीत' असा होता. जोडण्यासाठी घडलेला मी, आणि माझं हे काम!

शर्मिष्ठाचं लग्न कानपूरला झालं. नवरा मारायचा. एके दिवशी ती सुजलेला गाल घेऊन माहेरी आली. श्रीरंग त्या दिवशी घरी होता. त्याने गालाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"दाबक्यांच्या मुली परत येत नाहीत," तो म्हणाला. "कानपूरची गाडी संध्याकाळी आहे."

"अहो, निदान दोन दिवस राहू दे," वासंती म्हणाली.

"दोन दिवसांचे दोन महिने होतात."

त्याने स्वतः तिला चारबाग स्टेशनवर नेलं आणि गाडीत बसवलं. गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभा राहिला. शर्मिष्ठाने खिडकीतून त्याच्याकडे पाहिलं नाही. पुढे तिने स्वतःच नवऱ्याला सोडलं, नर्सिंगची परीक्षा दिली आणि आयर्लंडला गेली. बापलेकीचं बोलणं कायमचं थांबलं. वासंती स्वयंपाकघराचं दार लोटून लेकीशी फोनवर बोलायची. नवऱ्याकडे ती एकच मागणं मागत राहिली.

"एकदा तिला म्हणा, हे घर तुझं आहे, ये. एवढंच म्हणा."

"गाडी गेल्यावर हिरवा झेंडा दाखवून काय उपयोग?" तो म्हणायचा.

गेल्या हिवाळ्यात वासंती गेली. चहा गाळता गाळता खाली बसली, ती उठली नाही. शर्मिष्ठाला येता आलं नाही. तिथे राहण्याचा परवाना वाढवून घेण्यासाठी तिचा पासपोर्ट तिथल्या कचेरीत अडकला होता. श्रीरंगचा पुतण्या विपुल लखनौतच निशातगंजला राहतो, बँकेत आहे. तिचा नंबर त्याच्याकडेच होता. निरोप त्यानेच दिला.

दहाव्याच्या आदल्या दिवशी श्रीरंगने विपुलला बोलावलं.

"उद्याची लिंक काढ. तिला बघू दे."

विपुल चमकला. "काका, तुम्ही बोलणार तिच्याशी?"

"कावळा अडेल. तेव्हा बोलेन. चार माणसांदेखत बोलेन, वासंतीसाठी."

मराठी घरांत दहाव्याला भाताचा पिंड ठेवतात. कावळा शिवला तर गेलेलं माणूस तृप्त. नाही शिवला तर काहीतरी इच्छा राहिली आहे. मग घरच्याने ती ओळखायची आणि मोठ्याने कबूल करायची. श्रीरंगला वासंतीची इच्छा पुरती ठाऊक होती. पण आपण होऊन बोलणं त्याला जमत नव्हतं. कावळ्याने भाग पाडलं तर चालणार होतं. त्यात मान खाली जात नव्हती.

"अच्छा, आणि कावळा लगेच आला तर?" विपुलने विचारलं.

"तिचा जीव त्या पोरीत अडकला होता. कसा येईल? आणि आपल्या गच्चीवर मी जन्मात कावळा पाहिला नाही."

विपुलने मला तयार केलं आणि एकाच वेळी दोघांना पाठवलं, आयर्लंडला आणि श्रीरंगच्या फोनवर. त्या संध्याकाळी फोन टेबलावर होता. श्रीरंग रिकाम्या स्वयंपाकघरात उभा राहून म्हणून बघत होता, "शर्मिष्ठा, हे घर तुझं आहे. ये." पुन्हा म्हणाला. शेवटच्या शब्दाला आवाज फाटत होता. मग तो खाकरायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा.

सकाळी गोमतीच्या घाटावरचं उरकून सगळे घरी आले. एक पिंड गच्चीच्या कठड्यावर ठेवायचा ठरलं होतं. इथल्या मराठी मंडळातल्या गीताकाकू मदतीला होत्या. गजेंद्र पंडितांना घाई होती.

"हमारे यहाँ इतना इंतज़ार कोई नहीं करता, दाबके जी," ते म्हणाले.

"हमारे यहाँ करते हैं," गीताकाकू म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या वेळी दुपार झाली होती. शेवटी दीर म्हणाले, दारू सोडतो. तेव्हा कुठे शिवला. अजून पितो मेला. कावळा फसला."

विपुल हसला आणि फोन कठड्याकडे धरून उभा राहिला. मी उघडलो. पडद्यावर शर्मिष्ठा दिसली. तिच्यामागे काळी खिडकी होती, तिकडे अजून उजाडलं नव्हतं. तिने अंगावर आईची जुनी शाल घेतली होती.

श्रीरंगने पिंड ठेवला, हात जोडले आणि मागे सरकला. त्याने घसा साफ केला. इंजिनात चढण्याआधी करायचा तसा.

कावळा आला.

पंखांचा आवाज झाला आणि तो कठड्यावर उतरला. इकडे तिकडे बघितलंही नाही. सरळ भातात चोच घातली.

"सुटली बाई," गीताकाकूंनी डोळे पुसले. "काही मागे ठेवलं नाही तिने. भाग्यवान हो!"

"चलिए, हो गया," पंडित म्हणाले.

श्रीरंग तसाच उभा होता. पाठ केलेलं वाक्य त्याच्या तोंडात होतं आणि आता ते कोणी मागत नव्हतं. त्याने विपुलच्या हातातून फोन घेतला. बाप आणि लेक समोरासमोर आले. मधे फक्त मी.

"आला लगेच," शर्मिष्ठा म्हणाली. "म्हणजे आईची काही इच्छा नव्हती."

त्याने फोन डोळ्यांजवळ धरला.

"मला वाटलं होतं, माझ्यासाठी थोडा तरी अडेल."

त्याचे ओठ हलले. मी वाट पाहिली. शब्दाने यापेक्षा जास्त काय करायचं? मी रस्ता उघडा ठेवतो. चालायचं माणसानेच असतं.

"तिकडे थंडी आहे?" त्याने विचारलं.

"आहे."

खाली गल्लीत सब्जीवाला ओरडत गेला.

"ठेवते, बाबा."

"ठेव."

इतक्या वर्षांनी ती बाबा म्हणाली, आणि तो ठेव म्हणाला. ती गेली. विपुलने फोन घेऊन मला बंद केलं.

त्यानंतर शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी अपूर्वा कठड्याशी आली. मिश्रांची सून ती.

"अंकल, ये तो आंटी का कौआ है," ती म्हणाली. "पहली रोटी रोज़ यहीं रखती थीं, इसी जगह. जब से आंटी गईं, बेचारा रोज़ आकर भूखा लौट रहा था."

"रोज़?" श्रीरंगने विचारलं.

"बरसों से. आपको नहीं पता?"

तो लिंकवर असायचा. सकाळच्या पहिल्या पोळीच्या वेळी तो कधी बनारसला, कधी मुरादाबादला. निवृत्त झाल्यावरही त्या वेळेला तो बैठकीत पेपर घेऊन बसलेला असे. गच्चीवर बायको काय करते, हे त्याने कधी पाहिलं नाही.

विपुलच्या लक्षात आलं. "काका, कावळा पोळीच्या सवयीने आला. हे शर्मिष्ठाला सांगायला हवं. नवी लिंक काढू?"

श्रीरंग कावळ्याकडे बघत राहिला. कठड्यावर शीत उरलं नव्हतं.

"कशाला? झालं ना सगळं," तो म्हणाला आणि जिना उतरला.

शर्मिष्ठा खोटं धरून बसली आहे. आईला आपली ओढ नव्हती, हे मनात घेऊन ती तिकडे आजारी माणसांची पाठ पुसते. ते खोटं काढायला एक वाक्य पुरेल, आणि ते वाक्य ज्याला ठाऊक आहे तो इथे गच्चीवर उभा असतो. शर्मिष्ठाचा नंबर विपुलकडे आहे. विपुल निशातगंजला आहे, लांब नाही. नुसतं मागायचं आहे. तो मागत नाही.

मी आता त्याच्या फोनमधली एक निळी ओळ आहे. माझं काम त्या सकाळीच संपलं. माझ्यासारख्या लिंक एका वेळेपुरत्या असतात. वाचणाऱ्यांनो, माझ्यावर फार विसंबू नका. तुमच्या घरातही असं एखादं वाक्य पडून असेल. ते कोणी मागण्याची वाट बघू नका. कावळ्यावर तर मुळीच सोपवू नका.

श्रीरंग रोज सकाळी वर येतो. त्याला पोळ्या करता येत नाहीत, नाक्यावरच्या ढाब्याची रोटी आणतो आणि कठड्यावर ठेवतो. कावळा येतो. मग तो चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ धरतो आणि मला दाबतो. पडद्यावर येतं, ही मीटिंग संपली आहे.

"लिंक ख़राब है," तो अपूर्वाला सांगतो.

"विपुल भैया से नई मँगवा लीजिए, अंकल."

"हाँ, देखेंगे," तो म्हणतो आणि फोन खिशात ठेवतो.