चेरीखालचं कडवं

लसूण, वितळलेलं लोणी आणि त्यात शिजलेल्या गोगलगायी. पॅरिसमधल्या या तळघरातल्या कॅबरेत लोक गाणी ऐकत जेवत, आणि तिथला वास रोज गाणाऱ्या आंसेल्मच्या कोटाच्या अस्तरापर्यंत मुरला होता. एरवी त्याचं त्याला काही वाटायचं नाही. आज मात्र पियानोपाशी बसताच तो वास नकोसा झाला, कारण पुढच्याच टेबलाशी ड्युशेन बाई बसल्या होत्या.

लहानपणी, गावच्या शाळेत, याच बाईंनी त्याला ती कविता शिकवली होती. कवी जाऊन चारशे वर्षं झाली असतील. कवितेत एक बाप लेकीला उठवतो. ऊठ गं, चेरी फुलली, बागेत चल. चार कडवी नुसत्या लाडाच्या हाका. पाचव्यात कळतं, लेक त्याच चेरीखाली पुरलेली आहे.

"पाचव्याच्या आधी थांबायचं," बाई सांगत. "शेजारच्या खोलीत कुणी निजलंय असं समजून थांबायचं. मग हळूच म्हणायचं." पोरं हात मागे बांधून, श्वास रोखून थांबत.

मोठेपणी आंसेल्मने त्या कवितेला चाल लावली, तीन ठेक्यांची, वॉल्ट्झ नाचाची. कॅबरेची मालकीण मादाम प्रालाँ ऐकून खूश झाली. "गोड आहे रे! पण शेवटी मेलेली पोरगी कशाला? लोक जेवताहेत. त्याऐवजी पहिलं कडवंच परत म्हण, सगळ्यांना गाता येईल." त्याने मान डोलावली. गाणं रेडिओवर गेलं आणि घरोघरी पोचलं.

आज दुपारी बाई गावाहून थेट त्याच्या दारात उभ्या राहिल्या होत्या.

"माझी पोरं आता कविता म्हणत नाहीत, आंसेल्म. बाकं बडवून गातात. पाचवं कडवं शिकवायला गेले, तर एक चिमुरडी म्हणते, बाई, हे त्यात नाहीच, तुम्ही मनानं घातलंत! गाणाऱ्याला ठाऊक नसेल होय?"

आंसेल्मला मान वर करवेना.

"रागावले नाहीये मी. फक्त एकदा माझ्यासमोर पूर्ण म्हण. पोरांना सांगता येईल, त्याच्याच तोंडून ऐकलं म्हणून."

"आज म्हणतो, बाई. नक्की."

आता चार कडवी झाली. त्याने सूर सोडला आणि थांबला, बाईंनी शिकवल्यासारखा. बाईंनी डोळे मिटले.

कॉलरमध्ये रुमाल खोचलेल्या एका जाड्या गृहस्थाने शंखातून गोगलगाय ओढून तोंडात टाकली. हनुवटीवरून लोणी ओघळलं.

"अरे, विसरला बिचारा!" तो ओरडला. "चला, आपण म्हणू या!"

शेजारणीच्या हातात त्याने तेलकट हात गुंफला. बघता बघता सगळी टेबलं हातात हात घालून डावी-उजवीकडे डुलू लागली. ऊठ गं, चेरी फुलली! घासांनी भरलेली तोंडं, वाइनने काळवंडलेले दात, घामेजलेल्या माना. कुणी काट्याने ग्लास वाजवत होतं. थडग्यातल्या पोरीला नाचायला बोलवत होते सगळे, आणि किती प्रेमाने!

आंसेल्मने पाचवं कडवं म्हटलं. ओळ न् ओळ म्हटली. पण त्याचं त्यालाही ते ऐकू आलं नाही. बाई कानामागे हात धरून पुढे झुकल्या होत्या आणि त्याच्या ओठांकडे बघत होत्या.

"झकास!" मादाम प्रालाँ गल्ल्यावरून ओरडली. "रोज चौथ्या कडव्यानंतर असाच थांबत जा रे! काय युक्ती काढलीस!"

आंसेल्मने जाड्याकडे पाहिलं. त्या जाड्याच्या हनुवटीवर थुंकावंसं वाटलं.

तेवढ्यात बाईंनी कानामागचा हात खाली घेतला. आता त्या त्याच्या ओठांकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर पियानोखाली गेली होती. त्यानेही वाकून पाहिलं. त्याच्याच बुटाचं टोक लोकांबरोबर ठेका धरून हलत होतं. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन.