आन्स रोझची उंची

सेंट मार्सेला हा देश नकाशात शोधायचा तर आधी चष्मा पुसून घ्यावा लागतो. कॅरिबियन समुद्रातलं एक बेट, सत्तर हजार वस्ती, मधोमध थंड पडलेला ज्वालामुखी आणि किनाऱ्याकिनाऱ्याने बेटाला फेरी घालणारा एकच रस्ता. पूर्वी हा देश केळ्यांवर जगत होता. केळ्यांचा भाव गेला तसा पर्यटकांच्या मोठमोठ्या जहाजांवर जगायला लागला. २०२०च्या मार्चमध्ये जहाजं यायची थांबली आणि सरकारच्या तिजोरीत खडखडाट झाला. सरकार तरी केवढं? संसदेत पंधरा जण, त्यातले सात मंत्री. आमचं अख्खं मंत्रिमंडळ एका व्हॅनमध्ये मावतं, असं तिथले लोक हसत हसत सांगत.

संहिताला हे सगळं तोंडपाठ होतं. तिने त्या बेटावर पाऊल मात्र ठेवलेलं नव्हतं. मुलगी श्रीवर्धन तालुक्यातली, नारळ-सुपारीच्या वाडीत वाढलेली. हॉलंडमध्ये डेल्फ्टला मास्टर्स केलं आणि तिथेच पुराच्या आणि समुद्राच्या पाण्यावर सल्ला देणाऱ्या एका छोट्या कंपनीत चिकटली. एप्रिलमध्ये ती मोजणीसाठी बेटावर जायची होती. विमानं बंद झाली, आणि कालव्याकाठच्या एका घराच्या माळ्यावर, तिरक्या छताखाली बसून तिला समुद्रापलीकडचा देश मोजावा लागला. उठताना डोकं छताला आपटायचं, तेवढीच काय ती हालचाल.

काम सोपं वाटावं असं होतं. जूनपासून तिकडे वादळांचा मोसम. वादळ आलं की लोकांना शाळांमध्ये हलवतात. पूर्वी एका शाळेत दोनशे माणसं दाटीवाटीने झोपत. आता कोविडमुळे अंतर ठेवायचं, म्हणजे सत्तरच. तेव्हा आणखी शाळा शोधायच्या, आणि ज्या समुद्रापासून आठ मीटरपेक्षा उंच असतील त्याच यादीत घ्यायच्या. काठी आणि दुर्बीण घेऊन कोणी जाऊ शकत नव्हतं, म्हणून उंची घ्यायची ती उपग्रहाने वरून मोजलेली. त्या हिशेबात आन्स रोझ नावाच्या कोळ्यांच्या गावातली शाळा अकरा मीटरवर भरली. संहिताने तिच्यापुढे हिरवी खूण केली.

बेटाकडून तिच्याशी बोलायची ती मिस व्हर्लीन. पन्नाशीची बाई, तीन माणसांच्या नियोजन खात्याची प्रमुख. बोलणं इंग्रजीतून, पण सूर असा की गावातली मावशीच बोलते आहे असं वाटावं. तिची ऐंशी वर्षांची आई आन्स रोझलाच राहायची. "मोठ्या भरतीला आमच्या चर्चमध्ये लोक पाय वर घेऊन बसतात गं," असं ती एकदा म्हणाली होती. संहिता हसली. तिला वाटलं, बाई गंमत करते आहे. तरी शिरस्त्याप्रमाणे तिने ते अहवालाच्या शेवटी, 'स्थानिकांच्या आठवणी' या सदरात टाकलं. शेवटची पानं कोण वाचतं? मे महिन्यात अहवाल गेला आणि मंत्रिमंडळाने मंजूरही केला.

तीन जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं. घरचा फोन लागेना. चार दिवस संहिताच्या घशाखाली धड घास उतरला नाही. पाचव्या दिवशी तिचे वडील, चंद्रहास, कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून माणगावपर्यंत आले आणि तिथून त्यांनी फोन केला.

"माणसं शाबूत आहेत, बाळ. आई बरी आहे. ओटीवरची कौलं तेवढी गेली."

"आणि वाडी?"

"वाडी आडवी झाली," बाबा म्हणाले, आणि खाकरून पुढे म्हणाले, "तू जेवलीस का?"

सुपारी नव्याने लावली तर हाती यायला आठ-दहा वर्षं. बाबा बासष्टचे. यापुढे घर कोणाच्या पगारावर चालणार, हे दोघांनाही कळलं आणि दोघांनीही बोलायचं टाळलं.

एकोणीस जूनला, शुक्रवारी दुपारी, ढगांच्या फटीतून घेतलेलं तिच्या गावाचं एक उपग्रहचित्र संहिताला मिळालं. परदेशी आल्यापासून तिने हा चाळा शंभरदा केला होता. वरून आपलं घर शोधायचं. कधीच सापडलं नव्हतं, नुसतं हिरवं दिसायचं. आज सगळं गाव दिसत होतं. ओळीने घरं, विहिरी, देवळाचा कळस, आणि त्यांचं घर, ओटीवर निळी ताडपत्री टाकलेलं. झाडं गेली आणि गाव उघडं पडलं. ती बराच वेळ रडली, मग नाक पुसून तिने सवयीने, उगीचच, घराच्या जागेची नोंदलेली उंची काढून बघितली. वादळाआधीची, बेटासाठी वापरली त्याच आकड्यांच्या साठ्यातली. तेरा मीटर.

तेरा? अमावास्येच्या भरतीला खाडीचं पाणी वाडीच्या खालच्या बांधाला लागतं. विहिरीचं पाणी मचूळ झालं म्हणून आईने कितीदा कटकट केली होती. घर समुद्रापासून दोन पुरुषसुद्धा उंच नाही. मग तेरा मीटर कसले? तेरा मीटर होत्या सुपाऱ्या.

उपग्रहाला झाडाचा शेंडा जमीन वाटतो, हे काही गुपित नाही. कंपनी ती उंची वजा करतही असे, पण नकाशात जिथे 'रान' लिहिलेलं असेल तिथेच. जिथे 'वस्ती' लिहिलं असेल तिथे वजाबाकी नाही. ही रीत ठरवणाऱ्या डच माणसांचं काय चुकलं? त्यांच्याकडे गाव ते गाव आणि रान ते रान, दोघांच्या मधे आखून काढलेला कालवा. माणसं झाडांच्या पोटात घरं करून राहतात, हे त्यांना माहीत नसेल. संहिताला माहीत होतं. ती तशाच घरात जन्मली होती. कोकणातल्या पोरीने करावी अशी ही चूक नव्हती, आणि तिनेच ती केली होती.

तिने आन्स रोझ उघडलं. वरून नुसतं हिरवं. नारळ, फणसासारखे मोठे वृक्ष. अकरा मीटर.

तिने लगेच अंबरीशला फोन लावला. अंबरीश पुण्याचा, कंपनीत दहा वर्षं मुरलेला, या कामाचा प्रमुख. तिला नोकरीत घ्यावं म्हणून शब्द टाकला होता तो त्यानेच.

"अंबरीश, आन्स रोझ अकरा मीटरवर नाहीये. ती झाडांची हाइट आहे."

"कशावरून?"

"आमच्या गावावरून."

तो हसला. "अगं, क्लायंटला काय लिहू, आमच्या गावावरून?" मग तिने सगळं सांगितल्यावर तो गंभीर झाला. हुशार माणूस, त्याला कळायला वेळ लागला नाही. "हे बघ, असेलही. पण रिपोर्ट गेलाय, कॅबिनेटने पास केलाय. पुढच्या शुक्रवारी तुझ्या पर्मनंट कॉन्ट्रॅक्टची मीटिंग आहे. त्याआधी आपणच जाऊन सांगायचं की आमचा आकडा चुकला? झाकली मूठ सव्वा लाखाची. ऑगस्टमध्ये रिव्हिजन आहेच, तेव्हा शांतपणे करेक्ट करू."

"आणि मधे वादळ आलं तर?"

"मोठी वादळं सप्टेंबरमध्ये येतात. डेटा बघ ना."

डेटा खरंच तसाच होता. करार झाला नाही तर तीन महिन्यांत दुसरी नोकरी, नाहीतर हा देश सोडायचा, हेही खरं होतं. माणगावहून आलेला तो खाकरण्याचा आवाज तर कानातून जातच नव्हता. संहिताने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. तिला नावं ठेवायला आपलं काय जातं? आपल्यापैकी कितीजणांनी त्या शुक्रवारी बेटावर फोन लावला असता, हे ज्याचं त्याने स्वतःला विचारावं. पण चूक ती चूकच, आणि ती तिला दर तासाला कळत होती.

सव्वीस तारखेला करार झाला. मॅनेजरने पडद्यावरूनच कॉफीचा मग उंचावून अभिनंदन केलं. संहिताने सही केली, शनिवार-रविवार अंथरुणात काढला आणि सोमवारी, एकोणतीसला, मिस व्हर्लीनला फोन केला. एका दमात सगळं सांगितलं. झाडं, वजाबाकी, सगळं. शेवटी म्हणाली, "आजच लक्षात आलं माझ्या."



"त्याच शाळेत शिकले मी," व्हर्लीन म्हणाली. "समुद्र खवळला की बाई आम्हाला बाकांवर उभं करायच्या. तुमचा आकडा आला तेव्हा मला वाटलं, आपल्या आठवणीच चुकत असतील. हॉलंडची माणसं. पाण्यातलं त्यांना कळणार नाही तर कोणाला?"

"आता यादीतून काढता येईल ना?"

"एरवी रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर बांधकाम मंत्र्याला गाठलं असतं. माझ्याच वर्गातला आहे. आमचं निम्मं सरकार त्या पायऱ्यांवरच चालतं, पोरी. पण चर्च बंद आहे. आता सगळं कागदावर. घरोघर कार्डं वाटून झालीत, कोणी कोणत्या शाळेत जायचं त्याची. सरकारी शिक्का आहे त्यांच्यावर. शिक्का पुसायला दुसरा शिक्का लागतो. मला पत्र पाठव, कंपनीचं."

संहिताने स्वतःच्या नावाने मेल त्याच दिवशी पाठवली. तिकडच्या मंत्रालयाने ती परत केली. शिक्का नाही, सही प्रमुखाची नाही. आता मात्र ती अंबरीशच्या मागे हात धुऊन लागली. आधी आकडा पुन्हा तपासायचा, मग वकिलाला दाखवायचं, मग संचालक सुट्टीवर. जुलै असाच गेला. मिस व्हर्लीन दोनदा स्वतः आन्स रोझला जाऊन सांगून आली. लोकांनी तिला कार्डं दाखवली.

वादळ पंचवीस जुलैला आलं. सप्टेंबरची वाट त्याने बघितली नाही. कंपनीचं शिक्क्याचं पत्र सत्तावीसला निघालं. बैल गेला आणि झोपा केला.

बेटाचे फोन बंद पडले. फोन बंद पडल्यावर माणूस काय करतो हे संहिताला आता पाठ होतं. तिने वरून घेतलेलं चित्र काढलं. आन्स रोझ पहिल्यांदाच नीट दिसत होतं. भिंती, होड्या, चर्च, आणि शाळेची लांबट इमारत, पत्रे उडालेली. अंगणातून पाणी चमकत होतं.

सहाव्या दिवशी अंबरीशची मेल आली. बेटाच्या सरकारने चौकशी बसवली आहे, तुला विचारतील. चूक एकोणतीस जूनला लक्षात आली, तीच तारीख सगळीकडे ठेव. मेलमध्ये बाकी काही नव्हतं.

सातव्या दिवशी दुपारी व्हर्लीनचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"सहा जण गेले. शाळेतच. पाणी आलं तेव्हा दारं उघडेनात."

"आणि तुमची आई?"

"त्या सहांत. मी राजधानीत, कंट्रोल रूममध्ये होते. शेजारच्या मुलीने सांगितलं, आई सगळ्यात आधी निघाली. कार्ड तिने मेरीमातेच्या तसबिरीशेजारी ठेवलं होतं. येईल त्याला दाखवायची. म्हणायची, अखेर सरकारने आपलं गाव नीट मोजलं."

 संहिता रडते आहे हे पलीकडे ऐकू जात असणार, पण व्हर्लीनने समजूत घातली नाही आणि रागावलीही नाही. कागद उलटल्याचा आवाज आला.

"चौकशीचा फॉर्म आहे. मलाच भरायचा आहे, खात्यात दुसरं कोण आहे? एक रकाना राहिलाय. चूक पहिल्यांदा कधी लक्षात आली. तू एकोणतीसला फोन केलास तेव्हा म्हणालीस, आजच. तेच लिहू ना?"

हो म्हणण्याएवढं सोपं काही नव्हतं. कोणालाही कधीही कळलं नसतं. संहिताने समोरच्या पडद्यावर बघितलं. आन्स रोझ अजून तसंच उघडं होतं, शाळेसकट.

"नाही," ती म्हणाली. "एकोणीस."

"एकोणीस जून?"

"हो. शुक्रवारी. तुमच्याकडे सकाळ होती."

पेन कागदावर चालल्याचा आवाज आला, मग थांबला.

"कार्डं बावीसला छापली," मिस व्हर्लीन म्हणाली. "त्या शुक्रवारी छापखानेवाल्याने मला फोन केला होता. दुपारी. यादीत काही बदल आहे का, म्हणून विचारत होता. मी त्याला सांगितलं, नाही, हॉलंडहून काही आलेलं नाही."