परतीचा पुरावा

व्हिसाच्या मुलाखतीला मी सोमवारी पुण्याला गेले आणि बुधवारी सकाळी परदेशातून परत आले. मधल्या मंगळवारी मी मिरजेत आमच्या घरीच होते, लाडवांसाठी हळीव निवडत.

बुधवारी बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर बाहेर मी उभी. माझीच निळी बॅग, माझाच स्वेटर, पाय प्रवासानं सुजलेले. हे दाढी करत होते. त्यांनी आरशातूनच पाहिलं आणि तिला विचारलं, "आलीस? विमानात झोप झाली का?"

मला सोमवार आठवला. व्हिसाच्या खिडकीतली मुलगी सर्दीनं बेजार होती.

"काकू, कशासाठी जाताय?"

"लेकीच्या, केतकीच्या बाळंतपणाला. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं हो तिचं. जावई रात्रपाळीला, जवळ कुणी नाही. या खेपेला हात धरायला मी असेन, असा शब्द दिलाय तिला."

तिनं नाक पुसलं. "परत याल कशावरून?"

मी ह्यांचं नाव सांगितलं, ह्यांचा रक्तदाब सांगितला, परसातल्या लिंबाला यंदा फळ धरलंय तेही सांगितलं.

"असं सगळेच सांगतात. परत आल्याचा पुरावा लागेल. घरपोच येईल."

मला वाटलं, एखादं पाकीट येईल. आता पुरावा हातपाय धुऊन स्वयंपाकघरात बसला होता आणि माझ्या कपातून चहा पीत होता.

"मुलगा की मुलगी?" मी तिला विचारलं. दुसरं काय विचारणार?

"अजून झालंच नाही, तर मला कसं आठवेल?"

"केतकी तरी बरी आहे ना?"

"तू जाऊन आलीस की सांगते."

अगदी माझ्यासारखीच. एका प्रश्नाला सरळ उत्तर देईल तर शपथ.

बघता बघता घर तिच्या बाजूचं झालं. माझ्या चपला तिच्या पायात बसल्या आणि मला होईनात. कपाटातली साडी तिनं ओढली की अलगद यायची, मी ओढली की जागची हलायची नाही. दूधवाला तिलाच विचारायचा, "काय काकू, लई थंडी असती म्हणं तिकडं?" टेबलाशी खुर्च्या दोनच, म्हणून मी ओट्याशी उभ्यानं जेवू लागले.

"अहो, मी अजून जायचीय," मी ह्यांना म्हटलं.

"मग फोनवरून सांग की केतकीला काय ते."

"बाळंतपण म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं वाटलं का तुम्हाला?"

हे तिच्याकडे बघून हसले. "ही बरी. प्रवासानं दमलीय, कमी बोलते."

इतक्या वर्षांच्या संसारात राग आणि रडू मला एकदम कधी आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन मी पुण्याची एसटी पकडली. कंडक्टरनं तिचं तिकीट फाडलं. मी पैसे पुढे केले तर म्हणाला, "सामानाला लागत नाही." मी बॅग मांडीवर घेऊन बसले.

खिडकीतली मुलगी आम्हा दोघींना बघून खूश झाली.

"वा काकू! इतका चोख पुरावा फार कमी लोक आणतात." तिनं पासपोर्टवर शिक्का मारला आणि तो माझ्याऐवजी तिच्या हातात दिला. "झालं. तुमचा प्रवास पूर्ण झाला."

"अगं, मी गेलेच नाहीये अजून!"

"मग या कुठून आल्या?"

"मी जाणार म्हणून आल्या ना!"

"परत आलेल्या माणसाला जाता येत नाही, काकू." मुलगी वाईट नव्हती. तिनं मला पाणी दिलं. "माझीपण आई अशीच आली. छान राहते आमच्याकडे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. लेकीला आता कोणत्या तोंडानं सांगू, हेच मला सुचत नव्हतं.

तेवढ्यात तिचाच फोन आला.

"आई, कळा सुरू झाल्या. हे अजून पोचले नाहीत." मग नुसता श्वास ऐकू येत राहिला. मग, "आई, हात दे गं."

शेजारी ती दचकली. तिच्या उजव्या मनगटावर नखांचे चार व्रण उमटले होते, ताजे, लाल. केतकी ओरडली तसे ते आणखी आत रुतले. ती डोळे मिटून, ओठ दाबून सोसत होती. माझं मनगट कोरडं होतं.

मी बांगड्या मागे सारल्या. माझं मनगट तिच्या मनगटावर दाबून धरलं आणि फोनमध्ये म्हणाले, "धर बाळा. घट्ट धर."