गोटा वाघासाठी नव्हता

दिवसभर धान कापून मी वावरातून आली, तं आमचा बुढा आंगणात गुडघे टेकून बसलेला. कमरेले पंचा, अंग उघडं, उगारलेल्या हातात गोटा. आन् वरून मलेच म्हणते, "कामिनी, चहा ठेव वो." कंबर मोडली माझी, आन् तपश्चर्या या बुढ्याची! बोलाले तरी जीव लागते बाप्पा, तो उरला नव्हता.

बुढा म्हणजे माझे सासरे, यादोराव. आन् त्यायले असं बसवणारा त्यायचाच पोरगा, माझा नवरा चंद्रकुमार. तो नाटकायचे पडदे रंगवते. या साली लाखनीकडच्या मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं त्याले एक वेगळंच काम दिलं. इटलीतलं पाचशे वर्षांपूर्वीचं चित्र, संत जेरोम का कोण त्यायचं, तसंच्या तसं मोठ्या कपड्यावर पायजे, हॉलमध्ये लावाले. फोटो मोबाइलवर पाठवला, आन् आमच्या मोबाइलची काच तडकलेली. त्यात दिसे एक हाडकुळा बुढा, जंगलात बसलेला, मागं नेलेल्या हातात गोटा, बाजूले सिंह.

"ऋषी आहे," चंद्रकुमार म्हणे. "वाघ आला, तं गोटा मारून राहिला."

मलेही तसंच वाटलं. इथं मोह वेचाले गेलं तरी बाई पदरात दोन गोटे बांधून जाते. सिंह तं कोणी पायलाच नाही, म्हणून चंद्रकुमारनं सरळ पट्टेदार वाघ काढला. आन् बरगड्या पायजे म्हणून बापाले बसवलं.

गोटा कसा उगाराचा, हे बुढ्याले शिकवा लागलं नाही. त्यायची एकुलती एक लेक, गुड्डी. तिनं मोहाडीकडच्या दुसऱ्या जातीच्या पोराशी लग्न केलं आन् दोघं पाया पडाले आले, तं बुढ्यानं फाटकापाशी अस्साच गोटा उगारला. मारला नाही, पण उगारला. गुड्डी तिथूनच परत गेली, ते आजपर्यंत आली नाही.

दिवाळी झाली का आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते. दंडार, नाटक, आन् घराघरात लेकी-जावई. पण लेकीले न्योता बापानंच द्याचा, हा रिवाज. भावजयीनं हजार फोन केले तरी ती लेक येत नाही. दर साली मी बुढ्याच्या मागं लागो, "मामाजी, एक फोन करा." दर साली एकच उत्तर, "नाव काढू नोको." गुड्डीची रुपा शाळेत जाऊन राहिली आता, पोरीनं अजून मामाचं घर पायलं नाही. शेजारच्या आनंदाबाईकडे चार-चार लेकी येतात, आन् मी दुसऱ्यायच्या लेकीले वडे खाऊ घालतो. थकली मी या घराले. येत्या सोमवारी मंडई होती, आन् या साली मी तोंडही उघडलं नव्हतं.

त्याआधीच्या मंगळवारी सिस्टर स्कूटीवर चित्र पाहाले आली. वाघ पाहून खो खो हसली. मग म्हणाली, "दादा, तो गोटा वाघासाठी नाही हो. जनावर तर त्यांच्या सोबतीला असतं. गोटा ते स्वतःच्या छातीवर मारतात."

बुढा खाटेवरून म्हणे, "सोताच्या? कायले?"

"पस्तावा, बाबा. आपण काय केलं ते आपल्याला ठाऊक असतं ना." तिनं चहा घेतला. जाताना म्हणाली, "वाघ राहू द्या, हात तेवढा बदला."

दुसऱ्या दिवशी सकाळी बुढा पुन्हा बसला. चंद्रकुमार म्हणे, "बाबा, गोटा छातीकडे घ्या." हात काही येईना. वाघावर गोटा उगारून अख्खी दुपार बसणारा माणूस, आता म्हणते, "जड आहे." चंद्रकुमारनं लहान गोटा दिला. तो अर्ध्यात आला आन् मांडीवर पडला.

मी झाडून राहिली होती. माझ्यानं राहवलं नाही. "जड कायचा, मामाजी? फाटकापाशी तं हलका लागला होता."

चंद्रकुमारनं डोळे वटारले. मले वाटलं, आता बुढा घर डोक्यावर घेते. पण तो फाटकाकडे पाहत राहिला. मग म्हणे, "फोन लाव तिले."

मी फोन स्पीकरवर लावला.

"बोल वैनी," गुड्डी म्हणाली.

"मी आहो," बुढा म्हणे. "सोमवारी मंडई आहे. जावयाले, पोरीले घेऊन ये."

"वैनीनं बोलाले लावलं का?"

"नाही. म्या गोटा उगारला होता, गुड्डी. चुकलं माझं."

मले वाटलं, आता गुड्डी रडते आन् येतो म्हणते. पण तिच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. माझ्यासारखीच थकलेली होती ते.

"बाबा, त्या फाटकातून याची मले हिंमत नाही होत. आमची मंडई तुमच्यानंतर, पुढच्या गुरुवारी आहे. तुम्ही या. पण येणार असान तरच रुपाले सांगतो. मागं एकदा मी उगाच म्हणलं होतं का आबा येतीन, तं पोरगी दिवसभर रस्त्यावर पाहत बसली."

ज्या जातीच्या घरचं पाणी पेत नाही म्हणून या माणसानं लेक सोडली, त्या घरी पाहुणा म्हणून जाचं! बुढ्यानं आमच्याकडे पायलं. हे त्याचं त्यालेच उचला लागणार होतं.

"सांग तिले," बुढा म्हणे. "येतो म्हणून सांग."

फोन ठेवल्यावर बुढा गुडघ्यावरून उठाले लागला. आम्ही दोघायनं धरून खाटेवर बसवलं.

"कामिनी, माझं पांढरं धोतर कुठं आहे?"

"पेटीत," म्हणलं, आन् मागच्या दारी जाऊन पोटभर रडली. वावरात धान उभं होतं, पण त्या दिवशी मी गेलीच नाही. धोतर काढलं, पिवळं पडलं होतं, नीळ टाकून धुतलं आन् तारेवर टाकलं. तं बुढा काठी टेकत आला आन् विचारते, "वाळलं का वो?"

गुरुवार अजून कितीतरी लांब होता.